सही मी केली होती

सिंगापूरच्या पीआरचा, म्हणजे कायमच्या रहिवासाचा, अर्ज आम्ही २००४ साली भरला. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. शेजारच्या खुर्चीत बसून पाय हलवत होता आणि 'घरी कधी जायचं' म्हणून भुणभुण लावली होती. कागदांच्या गठ्ठ्यात एक ओळ होती: आईवडिलांबरोबर पीआर होणाऱ्या मुलग्याला मोठेपणी राष्ट्रीय सेवा ('एनएस', म्हणजे बहुधा सैन्यातली भरती) बंधनकारक आहे. मी ती वाचली आणि सही केली. बारा वर्षांनंतरची गोष्ट, तेव्हाचं तेव्हा बघू. पीआर झालं की जुना का होईना सरकारी वसाहतीतला फ्लॅट घेता येणार होता, शाळेची फी कमी होणार होती, आणि नोकरी गेली तर महिन्याभरात गाशा गुंडाळायची धास्ती संपणार होती. एवढ्या हिशेबात त्या ओळीला कोण विचारतो?

गंमत अशी की माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या पीआरला ही सेवा माफ आहे. सही करणारा सुटतो आणि पाय हलवणारा अडकतो.

इथली पहिली दहाबारा वर्षं 'एनएस' माझ्यासाठी ऑफिसातली कटकट होती. शेजारच्या टेबलावरचा सहकारी दर वर्षी दोनेक आठवडे 'रिझर्व्हिस्ट'ला जायचा आणि त्याचं काम माझ्या गळ्यात पडायचं. पूर्ण वेळ सेवा दोन वर्षांची. पण ती झाल्यावरही दहा वर्षं, वर्षाला चाळीस दिवसांपर्यंत, सैन्य बोलवू शकतं. चाळिशी गाठलेला, पोट सुटलेला तो माणूस गणवेशाची बटणं ओढूनताणून लावत जायचा, रापून परत यायचा. मी एकदा चेष्टेत म्हणालो, सुट्टी चांगली मिळते बुवा तुला. तो काही बोलला नाही. आता आठवलं की जीभ चावतो.

मुलगा तेरा वर्षांचा झाला आणि आमच्या ओळखीच्या भारतीय घरांत चुळबुळ सुरू झाली. तेराव्या वर्षापासून मुलाला दीर्घ काळ परदेशी ठेवायचं तर परवाना लागतो, आणि काही वर्षांसाठी पाठवायचं तर किमान ७५,००० डॉलरचं हमीपत्र. त्याच्या आधीच काही कुटुंबं पुण्याला परतली, एक ऑस्ट्रेलियाला गेलं. सेवा न करता पीआर सोडला तर पुढे या देशात शिकायला किंवा नोकरीला यायचे दरवाजे जवळपास बंद होतात, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी जातात. मी त्यांना पळपुटे म्हणणार नाही. आम्हीही तीन रात्री जागून तोच हिशेब मांडला होता. बायको म्हणाली, "त्याला विचारा की." विचारलं तर तो म्हणाला, "माझे सगळे मित्र जाणार. मी कुठे जाऊ?" विषय तिथे संपला. तो या गावचा होता, आम्हीच अजून सातारचे होतो.

आमच्या घराण्यात सैन्य नवीन नाही. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना फोनवर ही सक्तीची भानगड सांगितली तर पलीकडे बराच वेळ नुसतं हसू.

"म्हंजी सरकार घरी पत्र धाडून पोरं नेतंय? आरं, हितं आपली पोरं भरतीसाठी दोन-दोन वर्सं पहाटं उठून रस्त्यावर पळत्यात. छातीत अर्धा इंच कमी पडला तर रडत माघारी येत्यात. आन् तुमच्याकडं नगं म्हटलं तर तुरुंग?"

"हो मामा."

"पगार किती?"

"पगार नाही, भत्ता. पोरांच्या बसभाड्याला आणि नाश्त्याला पुरेल एवढा."

"मग कसलं सैन्य ते," असं म्हणून त्यांनी फोन मामींकडे दिला.

मामांना त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं. १९६५ च्या ९ ऑगस्टला मलेशियातून बाहेर पडावं लागलं तेव्हा या देशाकडे पायदळाच्या जेमतेम दोन पलटणी होत्या. ब्रिटिशही आज ना उद्या आपले तळ आवरून निघणार होते. मुंबईपेक्षा थोडंसंच मोठं हे बेट. पिण्याचं पाणीसुद्धा मोठ्या प्रमाणावर पलीकडच्या जोहोरहून नळाने यायचं. वीस लाखांच्या आसपास वस्तीच्या गावाला पगारी सैन्य परवडणार नव्हतं. संरक्षणमंत्री गोह केंग स्वी यांनी मार्च १९६७ मध्ये कायदा करून घेतला आणि पहिल्या वर्षी नऊ हजारांच्या आसपास पोरांना बोलावणं गेलं. शिकवायला आले इस्रायली अधिकारी. शेजारी मुस्लिम देश, म्हणून गाजावाजा नको. त्यांना 'मेक्सिकन' म्हणायचं ठरलं. हे इथलं शाळेतलं पोरगंही सांगतं. आमच्या पोराने मला सांगितलं, मेट्रोत, उभ्याउभ्या.

साडेसोळाव्या वर्षी नोंदणीचं पत्र आलं. फॉर्म ऑनलाइन भरायचा. आईवडिलांचे आजार, ॲलर्जी, लहानपणचं फ्रॅक्चर सगळं त्यात. मग डेपो रोडला वैद्यकीय तपासणी. मी बाहेर कॅन्टीनमध्ये कॉफीचे दोन मग संपवले. तो आत डोळे, कान, रक्त, ईसीजी, दात आणि संगणकावरची बुद्धिमत्ता चाचणी अशा रांगांतून फिरत होता. शेवटी मिळते ती 'पेस', शरीराची प्रतवारी. ए आणि बी-१ म्हणजे लढाऊ कामाला चालेल, सी आणि ई म्हणजे कारकुनी. आंब्यासारखी. आमचा बी-१ निघाला. मला अभिमान वाटला आणि पोटात गोळाही आला. खरं सांगायचं तर आदल्या रात्री मी मनातल्या मनात त्याच्या सपाट तळव्यांवर भिस्त ठेवली होती. तळवे सपाट नव्हतेच.

आणखी एक मेख होती. शाळेच्या वयातली शारीरिक क्षमता चाचणी रौप्य दर्जाने पार केली तर सेवेतले दोन महिने कमी होतात, शिवाय तयारीचे जादा आठवडे वाचतात. पोराची गाडी पुलअप्सवर अडली होती. तीन महिने आम्ही दोघे रात्री नऊला इमारतीखाली उतरायचो. तो २.४ किलोमीटर धावायचा, मी घड्याळ धरायचो. पहिल्या आठवड्यात मीही धावलो, मग घड्याळ धरण्यातच शहाणपण आहे हे कळलं. त्याने रौप्य मिळवलं. बावीस महिने. आमच्या घरात त्या दोन महिन्यांसाठी पेढे वाटले गेले.

भरतीचा दिवस जानेवारी २०१७. राष्ट्रीय सेवेचं ते पन्नासावं वर्ष, त्यामुळे जागोजागी फलक. बारावीसारखी परीक्षा दिलेल्या मुलांना त्याच सुमारास बोलावतात. विद्यापीठातली जागा राखून ठेवतात, पण त्या शिक्षणासाठी सेवा पुढे ढकलून मिळत नाही. वर्गातल्या मुली सरळ कॉलेजात जातात, मुलगे दोन वर्षांनी. मुलाचा सांगलीतला आतेभाऊ तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि व्हॉट्सॲपवर रोज स्वतःचे फोटो टाकत होता. त्याचा काही दोष नव्हता, तरी मला राग यायचा.

चांगीच्या धक्क्यावरून फेरीबोट पुलाऊ तेकोंगला जाते. हे बेट म्हणजे सैन्याचंच. १९८७ पर्यंत तिथली शेवटची माणसं हलवली, आता रानडुकरं आणि रंगरूट. पहिल्या दिवशी घरच्यांनाही बोटीतून नेतात, खोल्या दाखवतात, बंदूक कशी असते ते दाखवतात. एका आजीने सार्जंटला विचारलं, गादी एवढी पातळ का. सार्जंट जेमतेम वीस वर्षांचा. त्याने इतक्या अदबीने उत्तर दिलं की मला शंकाच आली. संध्याकाळपर्यंत हाच गळा कसा फुटणार होता ते नंतर कळलं.

मग सभागृहात शपथ. नागरिकांचं ओळखपत्र गुलाबी असतं, पीआरचं निळं. तेव्हा ते जमा करून सैन्याचं कार्ड, 'इलेव्हन-बी', हातात देत. माझा मुलगा, ज्याच्या पासपोर्टवर अशोकस्तंभ होता, उजवा हात वर करून सिंगापूर प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेत होता. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी छताकडे. त्याच्या भोवती चिनी, मलय, तमिळ पोरं. सगळ्यांचे आवाज एकात एक मिसळलेले. त्यातून त्याचा वेगळा काढता येईना.

जेवण तिथल्या कुकहाउसमध्ये एकत्र. हलाल, बिगर-हलाल, शाकाहारी अशी सोय वेगवेगळी. शाकाहारी थाळीतली डाळ बायकोने चाखली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." त्याक्षणी पोराशी एवढंच काय ते बोलता आलं तिला. मग भोंगा झाला, मुलं रांगेत उभी राहिली आणि आम्ही बोटीकडे. त्याच्या खिशात तिने खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी ठेवली होती. तेकोंगवरची भुतं प्रसिद्ध आहेत. एका खोलीला म्हणे तिसरं दार पाडावं लागलं, मेलेल्या रंगरुटाचा आत्मा बाहेर जावा म्हणून. प्रत्येक पिढी ही गोष्ट पुढच्या पिढीला सांगते. मंत्रालय काही म्हणत नसेल, पण भंडारा चालतो.

पहिले दोन आठवडे घरी सोडत नाहीत. रात्री थोडा वेळ फोन. "काय खाल्लंस?" "चिकन." "झोप झाली?" "नाही." बस्स.

पंधरा दिवसांनी घरी आला. तासलेलं डोकं, कोपरं सोललेली. जेवताना त्याने तांब्यातलं पाणी एका दमात संपवलं आणि रिकामा तांब्या डोक्यावर उलटा धरला. आम्ही बघतच राहिलो. त्यालाही क्षणभराने कळलं. उष्माघात होऊ नये म्हणून तिथे 'वॉटर परेड' असते. सगळ्यांनी उभं राहून बाटली संपवायची आणि संपली हे डोक्यावर उलटी करून दाखवायचं. धाकटी बहीण पुढे कित्येक महिने आमरस संपवूनही वाटी डोक्यावर धरायची.

कवायतीचे हुकूम मलयमध्ये असतात. 'सदिया' म्हणजे सावधान. 'सनांग दिरी' म्हणजे विश्राम. शब्दशः बघितलं तर 'स्वतःला आरामात ठेव', असं त्याचा मलय मित्र म्हणाला. किरी-कानान म्हणजे डावा-उजवा. बाकी सगळं सिंग्लिश, म्हणजे इथली खिचडी इंग्रजी. काम टाळण्यासाठी आजारी पडणारा तो 'चाव केंग', वरिष्ठांसमोर नाटक करणारा तो 'वायांग', सुभेदारासारख्या अनुभवी माणसाला 'एन्चिक'. मामांना यातलं एन्चिक फार आवडलं. स्वतःला तसं म्हणवून घेऊ लागले. शाळेत मराठी विषय म्हणून घ्यायची इथे सोय नाही, त्यामुळे पोराने दुसरी भाषा हिंदी घेतली होती. घरातलं मराठी, शाळेतलं हिंदी, कवायतीचं मलय, शिव्या होक्किएन या चिनी बोलीतल्या. चार भाषांत तो सैनिक झाला.

सहाव्या-सातव्या आठवड्यात फील्ड कॅम्प. पाच-सहा दिवस जंगलात. अंघोळ नाही, अंगावर पावडर. पाकिटबंद जेवण. फावड्याने स्वतःपुरता खड्डा खणायचा आणि पाऊस आला की त्यातलं पाणी उपसत बसायचं. त्याच्या आधी त्याच्या कंपनीकडून, म्हणजे तुकडीकडून, घरी निरोप आला: मुलासाठी पत्र लिहा, आम्ही ते कॅम्पात एका रात्री देऊ, त्याला आधी सांगू नका.

मी दोन दिवस कागद घेऊन बसलो. इंग्रजीत लिहायला घेतलं तर नोकरीचा अर्ज होत होता. मग मराठीत लिहिलं. २००४ च्या त्या सहीबद्दल लिहिलं. की ती ओळ मी वाचली होती, न वाचता सही केली असं नाही. की तुझी दोन वर्षं मी फ्लॅटच्या आणि फीच्या बदल्यात लिहून दिली आणि तुला विचारलं नाही. की तुझी आई मीठ कमी आहे म्हणाली तेव्हा तिला वेगळंच म्हणायचं होतं. चार पानं झाली. असं मी आयुष्यात कुणाला लिहिलं नव्हतं, माझ्या वडिलांनाही नाही.

कॅम्प संपवून आला तो चिखलाचा गोळा. बूट दाराबाहेर, कपडे बादलीत, पाणी तीन वेळा बदललं तरी तांबडं. मी दोन तास वाट बघितली. मग विचारलंच, "पत्र मिळालं का रे?"

"हो."

"मग?"

"बाबा, टॉर्चला लाल काच लावायला लागते रात्री. लाल उजेडात तुझं अक्षर वाचता येत नाही. तू निळ्या पेनने का नाही लिहिलंस?"

मी लाल पेनने का लिहिलं होतं, देव जाणे. हाताला लागलं ते घेतलं असणार. लाल उजेडात लाल शाई दिसतच नाही. शेजारच्या खड्ड्यातले सगळे आपापल्या आईची पत्रं वाचून रडत होते आणि हा कोरी पानं हातात धरून बसला होता. त्याच्या बडीने, म्हणजे जोडीदाराने, विचारलं, तुझा बाप रिकामा कागद पाठवतो काय? दोघे इतके हसले की सार्जंटने दोघांनाही पुशअप्स काढायला लावल्या.

नंतर त्याने ते पत्र वाचलं की नाही, मी विचारलं नाही.

मार्च उजाडता उजाडता शेवटचा चोवीस किलोमीटरचा मार्च. पाठीवर वीसेक किलो, हातात सार-२१, इथेच बनलेली बंदूक. रात्रभर ईस्ट कोस्टच्या कडेने चालत पहाटे मरीना बेच्या तरंगत्या मंचावर. आम्ही प्रेक्षकांत साडेसहालाच हजर. समोर उंच इमारतींच्या काचांवर उजाडत होतं आणि लंगडणाऱ्या पोरांची रांग आत येत होती. टोप्या हवेत उडाल्या. त्याची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर पडली, दुसऱ्याची हरवली. तिची भरपाई भत्त्यातून कापली गेली, असं तो सांगतो. बडी म्हणतो थाप आहे.

उरलेले वीस महिने सांगण्यासारखे नाहीत, कारण त्याला सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात, टाकलं आणि बराच काळ तो बॅटऱ्या मोजत होता. सैन्यात मोजणी फार. शुक्रवारी संध्याकाळी घरी, रविवारी रात्री परत, बॅगेत आईच्या चकल्या. चकल्या कंपनीत 'इंडियन मुरुक्कू' म्हणून गाजल्या. बायकोने तीनदा सांगितलं, मुरुक्कू नाही, चकली; काही उपयोग झाला नाही.

खरी मजा बडीची. इथल्या आंग मो किओ वस्तीतला हा होक्किएन पोरगा तोफखान्यात गेला. सिंगापुरात लांब पल्ल्याची तोफ डागायची म्हणजे गोळा शेजारच्या देशात पडणार, म्हणून सराव परदेशात. तैवान, ऑस्ट्रेलिया, आणि आपली देवळाली. भारत-सिंगापूरच्या लष्करांत २००८ मध्ये तसा करार झाला आहे, आणि दोन्हीकडच्या तोफखान्यांचा 'अग्नी वॉरियर' हा संयुक्त सरावही देवळालीच्याच मैदानावर होतो. माझा मुलगा, ज्याची आजी निफाडची, तो इथे बॅटऱ्या मोजत राहिला आणि बडी नाशिकला जाऊन आला. परतल्यावर आमच्याकडे जेवायला आला. सुट्टीच्या दिवशी शहरात मिसळ खाल्ली म्हणाला, डोळ्यांतून पाणी आलं म्हणाला, आणि रात्री थंडी इतकी की दोन दोन मोजे घातले. "अंकल, यू नेव्हर टेल मी इंडिया सो कोल्ड!" मी मामांना फोन लावून दिला. देवळालीचं नाव ऐकून मामा एकदम सावरून बसले असावेत. हिंदी-इंग्रजीची खिचडी करत त्यांनी त्याला अर्धा तास तोफांबद्दल सांगितलं. बडीला किती कळलं कोण जाणे, पण तो प्रत्येक वाक्याला "येस, एन्चिक" म्हणत होता. शेवटी मामा मला म्हणाले, "पोरगं बरं हाय. सैन्य हाय बरं का तुमचं."

नोव्हेंबर २०१८ मध्ये मुलगा सुटला. मोकळा झालो असं वाटलं. दोन महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, बातमी आली की न्यूझीलंडला सरावात तोफेच्या आत दुरुस्ती करताना इथला एक लोकप्रिय तरुण अभिनेता जखमी होऊन गेला. तो रिझर्व्हिस्ट होता. पूर्ण वेळ सेवा कधीच संपवून बसलेला. त्या रात्री बडीची आई माझ्या बायकोशी तासभर बोलली. एकीची इंग्रजी तुटकी, दुसरीची त्याहून तुटकी. काय बोलल्या मी विचारलं नाही.

एकविसाव्या वर्षी मुलाने नागरिकत्व घेतलं. भारतीय पासपोर्ट परत केला, दोन्ही ठेवता येत नाहीत. त्याचं कार्ड आता गुलाबी, माझं अजून निळं. विमानतळावर परत येताना तो मला म्हणतो, "बाबा, तुझी रांग कुठली?" चेष्टेत म्हणतो.

गेल्या वर्षी रिझर्व्हिस्टचं बोलावणं आलं. आदल्या रात्री अकरा वाजता त्याला जुने बूट आठवले. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून मी काढून दिले. बाहेरून चकचकीत, त्यानेच कधी काळी पॉलिश केलेले. त्याने एक पायात घालून दोन पावलं टाकली आणि अख्खा तळवा जमिनीवर राहिला. दमट हवेत इथे असंच होतं म्हणे, रबर कुजतं. मी फेव्हिक्विक शोधायला उठलो.

"राहू दे बाबा, सकाळी वाटेत नवे घेतो. सैन्याच्या दुकानात क्रेडिट आहे माझं."

मी तरी चिकटवत बसलो. एक बूट चिकटला. दुसऱ्याचा तळवा हातातच चुरा झाला, आणि बायको आतून ओरडली की फरशीवर काळं पडतंय.